फोटोग्राम कार्यशाळा: सकाळ फिकी, दुपार वसूल

लास्लो मोहोली-नॉज या हंगेरियन कलावंताच्या कामावर पुण्यात भरलेल्या एका दिवसाच्या फोटोग्राम कार्यशाळेला मी गेलो, तो शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस म्हणून. फोटोग्राम म्हणजे कॅमेऱ्याशिवाय, प्रकाशसंवेदी कागदावर थेट वस्तू ठेवून आणि त्यावर प्रकाश पाडून उमटवलेले चित्र. छायाचित्रणातले मला फारसे कळत नाही.

सकाळचे सत्र फिके झाले. पडद्यावर नुसती सनावळी सरकत होती: १८९५ साली जन्म, १९२३ ते १९२८ बाउहाउस या जर्मनीतल्या कलाविद्यालयात अध्यापन, १९३७ साली शिकागोत ‘नवे बाउहाउस’ हे विद्यालय. ते विद्यालय वर्षभरातच पैशांअभावी बंद पडल्यावर त्यांनी १९३९ साली दुसरे काढले आणि १९४६ साली रक्ताच्या कर्करोगाने जाईपर्यंत ते सांभाळले, हा माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा. तो वक्त्यांनी एका वाक्यात उरकला. डार्करूमचे तंत्र जाणणाऱ्या आणि १९२२ पासूनच्या त्यांच्या फोटोग्रामच्या प्रयोगांत बरोबरीने असलेल्या त्यांच्या पत्नी लुसिया मोहोली यांचे तर नावही निघाले नाही, जे अक्षम्य आहे.

दुपारी मात्र पैसे वसूल झाले. लाल दिव्याच्या उजेडात मी कागदावर चहाची गाळणी ठेवली, आणि वरचा पांढरा दिवा लागलेला असतानाच प्रशिक्षकांनी ती मला जराशी सरकवायला सांगितली. डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये कागद काळा पडत गेला, सतत झाकलेली जागा पांढरीच राहिली आणि थोडाच वेळ झाकल्या गेलेल्या कडेला करडी झालर उमटली. लगेच मोहोली-नॉज यांचा १९३० सालचा लघुपट दाखवला. त्यात त्यांनीच घडवलेले धातूचे आणि काचेचे फिरते यंत्र भिंतीवर सावल्या टाकत राहते, आणि हातातल्या ओल्या कागदावरची झालर पडद्यावर चालू लागल्यासारखी वाटली. छायाचित्रकार आणि चित्रपटकार ही एकाच माणसाची दोन वेगळी कामे नव्हती, हे सकाळच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा त्या पाच-सहा मिनिटांत अधिक कळले.

बाउहाउसच्या प्रारंभिक वर्गात ते विद्यार्थ्यांकडून निरनिराळ्या पोतांचे स्पर्शफलक करून घेत. तसा एखादा अभ्यास येथे ठेवला असता तर त्यांच्यातला शिक्षकही भेटला असता. शेवटी हायपोत (चित्र पक्के करणाऱ्या रसायनात) बुडवण्याचे आणि धुण्याचे काम घाईत झाले, त्यामुळे माझे दोन फोटोग्राम पंधरा दिवसांत तपकिरी पडले. शुल्कात पाच कागद मिळतात. सहाव्याचे पैसे वेगळे पडतात, तरी तो मागून घ्यावा, कारण पहिले दोन वेळेचा अंदाज घेण्यातच जातात.