डीटी-८३०: स्वस्तातला मीटर होडीवर किती खरं बोलतो

बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारा हा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारा मीटर. कृष्णाकाठची ओबीएमवाली (मागे लावलेल्या आउटबोर्ड मोटरची) फायबर होडी असो की हिडकल धरणाच्या पाण्यातली, तिच्या १२ व्होल्ट वायरिंगमधला फॉल्ट याने सापडतो का? सापडतो. पण बझरच्या, म्हणजे वायर जोडलेली असली की वाजणाऱ्या सोयीच्या, भरवशावर राहिलात तर फसाल.

बझर दहा-वीस ओहमलाही बिनधास्त वाजतो. गंजून हिरवा पडलेला जॉइंट एखाद्या ओहमचा असला तरी ‘पीं’ होतं आणि माणूस पुढे सरकतो. तोच जॉइंट, होडीतलं पाणी उपसणारा ४ ॲम्पिअरचा पंप चालू झाला की तीनेक व्होल्ट गिळतो. नुसते व्होल्ट बघूनही भागत नाही. मीटरचा स्वतःचा रोध सुमारे १ मेगाओहम, करंट तो जवळपास ओढतच नाही. त्यामुळे पंप सोडवून त्याच्या वायरींच्या टोकांवर मोजलं तर निवांत १२.५ दिसतात. म्हणून याच्या जोडीला कारच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन मगर-क्लिपा हव्यातच. पंपाच्या जागी बल्ब लावा. तो पावणेदोन ॲम्पिअर ओढतो. जॉइंट कच्चा असेल तर बल्ब मंद आणि मीटर खाली.

मीटरचं खरं काम इथून सुरू होतं. नॉब २० व्होल्टवर, पंप चालू. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, तांबडी पंपाच्या निगेटिव्ह टोकावर. दिसेल तो आकडा म्हणजे निगेटिव्ह वायरीत जिरलेले व्होल्ट. मग हेच पॉझिटिव्ह बाजूला. दोन्हींची बेरीज ०.३६ व्होल्टच्या, म्हणजे ३ टक्क्यांच्या आत हवी. जास्त आली तर पिन एकेक जॉइंट मागे घेत चला: फ्यूज होल्डर, स्विच, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी). आकडा जिथे धपकन पडतो, दोष तिथेच. निगेटिव्हपासूनच सुरुवात करा. गाडीच्या सवयीचा वायरमन बॉडी अर्थ, म्हणजे लोखंडी बॉडीतून परतणारा निगेटिव्ह, शोधतो, आणि फायबरच्या होडीला बॉडी अर्थ नसतोच.

जॉइंट सगळे चांगले निघाले तर वायर बारीक आहे. बॅटरीपासून ५ मीटरवरच्या पंपाला जाऊन-येऊन १० मीटर वायर लागते. १.५ चौरस मिमीत ४ ॲम्पिअरला अर्धा व्होल्ट जातो, २.५ मध्ये साधारण ०.३२. घरगुती वायरीऐवजी सोलर पंपवाल्यांकडची ४ चौरस मिमीची डीसी केबल घ्या. तिच्या तांब्यावर कथिलाचा मुलामा असतो, लवकर हिरवी पडत नाही.

आता दुखणी. सोबतच्या पिना टाकाऊ. वायर प्लगच्या मानेशी आतून तुटते, मीटर नाचतो आणि दोष होडीच्या माथी जातो. लांबीही जेमतेम, मागच्या बॅटरीपासून पुढच्या दिव्यापर्यंत पोचायला कुठलीही लांब वायर क्लिपा लावून जोडा. या तपासणीत तिच्यातून करंट जात नाही, बारीक असली तरी चालते.

त्याहून वाईट म्हणजे आतला ९ व्होल्टचा सेल. तो उतरला की मीटर आकडा वाढवून दाखवतो. ११.९ वर आलेली बॅटरी १२.६ म्हणजे भरलेली वाटते आणि नको तो ओबीएमचा चार्जिंग सर्किट उघडला जातो. सेलचं चिन्ह दिसलं की कुठल्याच आकड्यावर विश्वास नको. आपोआप बंद व्हायची सोय यात नाही, नॉब आठवणीने ऑफवर आणा.

१० ॲम्पिअरच्या भोकाला बहुतेक मीटरांत फ्यूजच नसतो. पिन त्यात विसरून बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट, पिनच वितळते. नदीकाठच्या थ्री-फेज मोटारीच्या स्टार्टरवर तर हा मीटर नेऊच नका, तिथे ४१५ व्होल्ट असतात.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गळती २०० मिलिॲम्पिअरवर मोजता येते: निगेटिव्ह केबल काढून मीटर मध्ये. आधी बुडातल्या पंपाच्या फ्लोट स्विचचा (पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचचा) फ्यूज काढा. तो थेट बॅटरीवर असतो. मोजताना पंप चालू झाला की मीटरचा फ्यूज गेलाच.

पावसात किंवा ओल्या हाताने वापरायची ही वस्तू नाही, डब्यात पाणी सरळ शिरतं. घेताना बझर आहे का एवढं मात्र दुकानातच बघा. याच नावाच्या काही मीटरांत तो नसतो. नसला तरी अडत नाही म्हणा.