थायरॉइडच्या थकव्यावर किट घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आला आणि तिथेच फसले

थायरॉइड असलेल्या बायकांनी हे प्लीज पूर्ण वाचा. मला धाकट्याच्या बाळंतपणानंतर हायपोथायरॉइड निघाला, म्हणजे थायरॉइडची ग्रंथी मंद, आठ वर्षं झाली, रोज सकाळी उपाशीपोटी ७५ ची गोळी. तरी दुपारी तीन वाजले की हातपाय गळायचे, पोळ्या लाटताना ओट्याला टेकून उभी राहायचे, आणि घरचे म्हणणार गोळी चालू आहे ना मग काय होतंय तुला. हे ऐकून इतकी थकले होते की भिशीतल्या मैत्रिणीने एका वेलनेस कोचचा नंबर दिला आणि ती फोनवर "ताई, मला कळतंय तुम्हाला काय होतंय" म्हणाली तेव्हा मला रडूच आलं.

तीन महिन्यांचं किट, ९,६०० रुपये, पैसे आधी. एक मल्टिव्हिटॅमिन पावडर, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि केसांसाठी बायोटिन. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांचा, नंबर दाखवून म्हणाली, सरकारमान्य आहे. अहो, तो नंबर बिस्किटाच्या पुड्यावर पण असतो, आणि सप्लिमेंटने आजार बरा होतो असा दावा करायला कायद्याने परवानगीच नाही, हे मला खूप नंतर समजलं.

पावडर सकाळच्या गोळीबरोबरच घ्यायची म्हणाली. त्यात लोह आणि कॅल्शियम होतं. त्यांच्यामुळे थायरॉइडची गोळी अंगी नीट लागत नाही, चार तासांचं अंतर ठेवावं लागतं.

महिन्याने टेस्ट केली तर टीएसएच ०.६! आधी ४.८ होता. ग्रंथी मंद असली की हा आकडा वाढतो, म्हणजे कमी झाला तर छानच वाटणार. कोचने माझा रिपोर्ट ग्रुपवर टाकला, "ग्रंथी जागी झाली" म्हणाली आणि गोळी अर्धी करायला लावली. मी डॉक्टरांना न विचारता केली, कारण रिपोर्टच चांगला आला होता ना, लॅबचा कागद हातात होता, मग शंका कशाला घेणार.

पुढच्या दोन महिन्यांत आवाज जाड झाला, सकाळी तोंड सुजायचं, केस मुठीने जायला लागले, सांगलीच्या मे महिन्यात मी शाल घेऊन झोपत होते. कोच म्हणे डिटॉक्स चालू आहे, शरीर घाण बाहेर टाकतंय. शेवटी ह्यांनी धरून डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "केसांसाठी काही घेताय का?"

बायोटिनची गोळी १०,००० मायक्रोग्रॅमची होती, रोजची गरज असते ३०-४०. लॅबच्या बऱ्याच मशीनमध्ये थायरॉइडची टेस्ट करायलाच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, खोटं जास्त. म्हणजे मी बरी झालेच नव्हते, नुसता कागद बरा झाला होता!! टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवायचं असतं. मॅडमनी मला सगळंच बंद करायला लावलं आणि आठवड्याने त्याच लॅबमध्ये टेस्ट केली, टीएसएच ४६. शेवाळ पण नकोच होतं, त्यात आयोडीन खूप असतं आणि माझ्यासारखी अँटिबॉडीवाली थायरॉइड असेल, म्हणजे शरीरच स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करत असेल, तर जास्तीच्या आयोडीनने ग्रंथी अजून मंदावू शकते, आपल्या मिठात ते असतंच की.

आणि ज्या थकव्यासाठी हे सगळं केलं ना, त्याचं कारण पण तेव्हाच सापडलं. बी१२ कमी, १४८, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. आठ वर्षांत हे कोणी तपासलंच नव्हतं. आता बी१२ ची इंजेक्शनं चालू आहेत, लोहाची गोळी दुपारी, थायरॉइडची पहाटे, आणि जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही.

पैसे परत मागितले तर ग्रुपमधून काढलं आणि नंबर ब्लॉक. बिल मागायचं सुचलंच नव्हतं, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवलेत, त्यावरच ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. माझी मैत्रीण अजून तेच किट घेते, तिचा रिपोर्ट पण एकदम छान आलाय. काल तिच्या घरी जाऊन बायोटिनचा डबा मीच काढून आणला. सोमवारी तिची टेस्ट आहे, मी बरोबर जाणार आहे.