आठ आण्यांच्या नाण्यावर अडलेली हाफ-केस : रिको जीआर थ्रीसोबतचे दहा महिने

यंदा माऊलींची पालखी दिवे घाट चढत असताना माझा रिको जीआर थ्री कॅमेरा ऐन घाटात बंद पडला. बिघाड काहीच नव्हता. बॅटरी संपली होती आणि दुसरी, पूर्ण भरलेली बॅटरी माझ्या खिशातच होती. तरीही पुढची वीस मिनिटे मला एकही फोटो काढता आला नाही, कारण ऑक्टोबरात हौसेने घेतलेली चामड्याची हाफ-केस, म्हणजे कॅमेऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकणारे कव्हर, बॅटरीच्या दारावर बसलेली होती आणि ती काढण्यासाठी लागणारे नाणे माझ्याजवळ नव्हते. हा अभिप्राय केसपेक्षा त्या नाण्याविषयीच जास्त आहे असे कोणाला वाटले, तर मी हरकत घेणार नाही.

जीआर थ्री वापरणाऱ्यांना त्याची मोजमापे सांगायला नकोत. बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम वजनाचा आणि ३३ मिलिमीटर जाडीचा हा कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावतो आणि त्याची सगळी किंमत त्या मावण्यातच आहे. त्याला केस घालण्याची बुद्धी मला का झाली, याचे प्रामाणिक उत्तर ‘दिसायला बरी वाटली’ एवढेच आहे. तपकिरी रंग, कडेला पांढऱ्या दोऱ्याची शिलाई आणि विक्रेत्याच्या वर्णनात ‘शंभर टक्के अस्सल चामडे’ ही अक्षरे, यांवर भुलून मी १,६५० रुपये मोजले. घरातल्या काट्यावर केसचे वजन ७१ ग्रॅम भरले. म्हणजे कॅमेऱ्याच्या वजनाच्या पावपटीहून अधिक भार मी स्वखर्चाने वाढवला, आणि कॅमेरा सदऱ्याच्या खिशातून उठून शबनम पिशवीत गेला. पकड सुधारेल ही आशाही फोल होती, कारण या कॅमेऱ्याची मूळची खरखरीत मूठ उत्तम आहे आणि केसने नेमकी तीच झाकली. घाम आला की गुळगुळीत चामडे हातातून सरकते.

पहिले दोन-तीन महिने तरीही मी समाधानी होतो. संध्याकाळी फेरफटका, चाळीस-पन्नास फोटो, घरी येऊन केबल लावली की काम झाले. चार्जिंगची खाच कॅमेऱ्याच्या बाजूला असल्याने तिथे केसची अडचण होत नाही. ज्यांचा वापर एवढाच आहे, त्यांना माझी पुढची तक्रार अतिशयोक्त वाटेल. पण या कॅमेऱ्याची बॅटरी कंपनीच्याच हिशेबाने सुमारे २०० फोटो चालते. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला दोन वेळा तरी ती बदलावी लागते, आणि बॅटरी व कार्ड दोन्ही तळाच्या एकाच दाराआड आहेत. कॅमेऱ्यात सुमारे २ जीबी अंतर्गत स्मृती आहे म्हणून कार्ड भरल्यावर थोडी तरी सोय होते. बॅटरीला असा चोरकप्पा नाही. माझ्या केसच्या तळाला खिडकी नव्हती. खिडकीवाल्या केस मिळतात, हे मला माहीत होते. त्या सहाशे रुपयांनी महाग होत्या, आणि तेवढे वाचवल्याचा आनंद मी ऑक्टोबरात मानून घेतला होता.

आता त्या स्क्रूकडे येतो. केस कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या छिद्रात एका स्क्रूने बसते. स्क्रूचे डोके चपटे आणि तळाशी अगदी समतल, म्हणजे बोटांना धरायला काहीही नाही. डोक्यावर एक आडवी खाच असते आणि तिच्यात नाणे घालून फिरवायचे असते. डोक्याच्या मधोमध ट्रायपॉडसाठी दुसरे छिद्र आहे. ही कल्पना कागदावर हुशारीची आहे, पण प्रत्यक्षात ट्रायपॉड काढायला उलटा फिरवला की त्याच्याबरोबर केसचा स्क्रूही सुटतो आणि कॅमेरा केसमध्ये डुगडुगू लागतो. माझ्या काकांच्या यशिका इलेक्ट्रो ३५ या फिल्म कॅमेऱ्याला जी जुनी चामडी केस आहे, तिच्या तळाला खाचांच्या कडेची रुंद चकती आहे. ती नुसत्या बोटांनी फिरते. शिवाय त्या काळी केस उतरवायची ती छत्तीस फोटोंचा रोल संपल्यावर, सावलीत बसून, निवांत. फिल्म कॅमेऱ्याची पाठ उघडत असे, तळाशी रोज उघडावे असे काही नव्हतेच. डिजिटल कॅमेऱ्यांत बॅटरी आणि कार्ड तळाशी गेले, पण केस शिवणाऱ्यांनी जुन्याच घडणीला नवी शिलाई मारली आणि चकतीच्या जागी ही खाच आणली.

घाटात मी आधी नख लावून पाहिले, मग घराची किल्ली. किल्ली दोनदा निसटली आणि चामड्यावर बोटभर लांब ओरखडा उठला. चहावाल्याकडे नाणे मागितले, तर त्याने गाडीवर टांगलेला क्यूआर कोड दाखवला आणि आपण सुट्टे ठेवतच नाही असे सांगितले. गेली कित्येक वर्षे मीही चहाचे दहा रुपये फोनवरूनच देतो, त्यामुळे त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. शेवटी कठड्याला टेकून विसावलेल्या एका वारकरी आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली. पहिले निघाले ते जुने जाड पाच रुपयांचे नाणे. ते खाचेत शिरेना. रुपयाचे शिरले. मी फिरवत असताना आजी म्हणाल्या, “माऊली, एवढ्याशा डबीला कुलूप कशाला घातलंस?” मला उत्तर सुचले नाही. स्क्रू सुटला तो थेट खाली, हजारो पावलांनी कालवलेल्या चिखलात. त्याला केसमध्ये अडकवून ठेवणारी साधी चकतीही नव्हती, हे मला तेव्हा कळले. रुपया परत केला, केस पिशवीत कोंबली आणि सासवडपर्यंतचे उरलेले फोटो उघड्या कॅमेऱ्याने काढले. वारीतले माझे त्यातल्या त्यात बरे फोटो त्याच तासाभरातले आहेत. याचे श्रेय मी केस नसण्याला देत नाही, पण कॅमेरा पुन्हा खिशात जात-येत होता, एवढे खरे.

विक्रेत्याकडे नुसता स्क्रू मागितला. पहिले उत्तर ‘सुटे भाग मिळत नाहीत’ असे आले, दुसरे ‘नवी केस दहा टक्के सवलतीत घ्या’ असे आणि तिसरे आलेच नाही. घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात सहा मिलिमीटरचा बोल्ट मिळाला. तो वेढा-दोन वेढे बसला आणि अडला. कोणी हा प्रयोग करत असेल तर इथेच थांबावे. ट्रायपॉडचे आटे पाव इंची असतात, इंचाला वीस. मिलिमीटरचा बोल्ट किंचित बारीक आणि त्याचे आटे अधिक दाट, त्यामुळे जोर केला तर खराब होतील ते कॅमेऱ्याचे आटे. मला हवा होता तो पाव इंची, दुकानदाराच्या भाषेत ‘दोन सुती’. तो रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात दहा रुपयांना मिळाला, डोक्यावर खाच असलेला आणि हवा त्याच्या दुप्पट लांब. केसच्या आत पाच मिलिमीटर उरेल एवढा करवतीने कापून घेतला, कारण लांब बोल्ट छिद्राच्या तळावर दाबला गेला तर तिथे काय तुटेल याचा नेम नाही. चहाला जवळ नाणे नसते, पण देव्हाऱ्याच्या खणात आठ आण्यांचे एक सापडले. ते या खाचेत असे चपखल बसते की जणू तिच्यासाठीच पाडले असावे. पन्नास पैशांचे नाणे अजूनही कायदेशीर चलन आहे, मात्र ते घेणारा दुकानदार मला भेटलेला नाही.

एवढे वाचून मी ही केस फेकून का दिली नाही, असे कोणी विचारेल. त्याचे कारण जानेवारीतले आहे. बहिणीकडे कोल्हापूरला जाताना कऱ्हाडच्या स्थानकावर एसटीतून उतरत होतो. पिशवीचा बंद दाराच्या दांड्यात अडकला आणि कॅमेरा पायरीच्या लोखंडी कडेवर आपटून खाली पडला. केसच्या डाव्या कोपऱ्याला हरभऱ्याएवढा खड्डा पडला. कॅमेऱ्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. तोवर मी ज्याला नटवेपणा म्हणत होतो त्याने माझे काही हजार रुपये वाचवले होते, आणि परतीच्या प्रवासात मी ती केस रुमालाने पुसत बसलो होतो. अर्थात कॅमेरा भिंगाच्या बाजूने पडला असता तर केसचा काहीच उपयोग नव्हता. या कॅमेऱ्याची खरी दुखरी जागा म्हणजे आत-बाहेर होणारे भिंग आणि त्यातून सेन्सरपर्यंत पोचणारी धूळ. हाफ-केस तिथे उघडीच असते.

जुलैने ते मत पुन्हा अर्धे केले. आठवडाभराच्या झडीत कॅमेरा केससकट कपाटात राहिला. उघडला तेव्हा आतल्या मखमली अस्तरावर पांढरे ठिपके होते आणि कुबट वास येत होता. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वेगळे आमंत्रण लागत नाही, आणि ओले अस्तर तिला सोयीचे अंथरूण देते. भिंग वाचले. तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपतो आणि केस बाहेर खुंटीवर टांगलेली असते. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने ती रोज काढायची आणि रोज घालायची, पुन्हा त्याच नाण्याने.

म्हणून ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या एका कारागिरांकडे केस नेली आणि बॅटरीच्या दारापुरती खिडकी कापून मागितली. जीआरचे हे दार मुठीच्या बाजूला आणि ट्रायपॉडचे छिद्र मध्यावर असल्याने हे काम होण्यासारखे होते. त्या कारागीर मामांनी रापीचे टोक टेकवले, बोटभर कापले आणि थांबून मला कापलेली कड दाखवली. “दादा, हे कातडं न्हवं, कातड्याचा भुसा हाय.” शेजारी त्यांनी आपल्याकडचा, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेल्या चामड्याचा तुकडा धरला. त्याची कड दाट होती आणि तंतू एकमेकांत गुंतलेले होते. माझ्या केसची कड नखाने खरवडली की भुकटी झडत होती, खाली कापड दिसत होते आणि वर तपकिरी रंगाचा पातळ पापुद्रा होता, ज्यावर चामड्याचे रंध्र ठशाने उमटवलेले होते. शंभर टक्के अस्सल म्हणावे असे त्यात शिलाईच्या दोऱ्याखेरीज काही नव्हते. मामांनी खिडकीच्या कडेने त्यांच्याच चामड्याचा गोट शिवून दिला, नाहीतर ती उसवतच गेली असती. दीडशे रुपये झाले.

महाग केस न घेऊन जे सहाशे वाचवले होते, त्यांतले बोल्ट आणि खिडकी मिळून एकशे साठ गेले, त्यामुळे हिशेब अजून माझ्या बाजूने आहे असे मी बायकोला सांगतो. खिडकीमुळे तळ थोडा लवचीक झाला आहे, पण बॅटरी आता दहा सेकंदांत बदलते. नवी घेणाऱ्याने मात्र तळाला खिडकी आणि बोटांनी फिरणारा स्क्रू असल्याशिवाय घेऊ नये. हे दोन्ही नसेल, तर मनगटाचा चांगला पट्टा घ्यावा आणि कॅमेरा खिशात ठेवावा.

माझा स्क्रू अजूनही तीन-चार दिवसांनी ढिला होतो, त्यामुळे ते आठ आण्यांचे नाणे पिशवीच्या वरच्या कप्प्यात असते. परवा अंधारात रुपया समजून ते रिक्षावाल्याच्या हातावर ठेवले. त्याने दिव्याखाली धरून पाहिले आणि हसत परत केले.