पर्यायी औषधोपचार केंद्र, मध्य मुंबई : औषध चोख, वेळ मात्र गैरसोयीची

मध्य मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात चालणाऱ्या पर्यायी औषधोपचार केंद्रात, म्हणजे रुग्णांच्या तोंडी असलेल्या ‘ओएसटी’त, माझा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यापासून औषध घेतो आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली, सुईवाटे नशा करणाऱ्यांसाठी, ही सेवा विनामूल्य दिली जाते. गर्दच्या, म्हणजे भेसळयुक्त हेरॉईनच्या, व्यसनाने पोखरलेल्या इतर घरांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

केसपेपर दाखवल्यावर सिस्टर ठरलेल्या मात्रेच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या कुटून ती पूड जिभेखाली ठेवायला देतात आणि ती पूर्ण विरघळेपर्यंत रुग्णाला समोर बसवून ठेवतात, कारण गिळल्यास औषधाचा मोठा भाग यकृतातच निकामी होतो. हेरॉईन मेंदूतील ज्या ग्राहींवर, म्हणजे ते जिथे चिकटते त्या जागांवर, काम करते त्यांनाच हे औषध अधिक घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच चेतवते; त्यामुळे टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास, थांबते, तलफ उतरते आणि एका मर्यादेपुढे मात्रा वाढली तरी श्वास त्या प्रमाणात मंदावत जात नाही. पहिल्या दिवशी भाऊ घामाघूम होऊन कण्हत असतानाही डॉक्टरांनी औषध काही वेळ रोखून धरले. ते पाहणे फार कठीण होते. शरीरात हेरॉईन शिल्लक असताना हे औषध दिले तर ते हेरॉईनला ग्राहींवरून एकदम हुसकावते आणि टर्की दुपटीने उसळते, हे त्यांनी आईला शेजारी बसवून, घाई न करता समजावून सांगितले. या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच वागणूक आहे.

‘एक नशा सोडून दुसरी लावली’ हा आक्षेप आमच्या नातेवाइकांनीही घेतला. स्वीडनमध्ये ४० रुग्णांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या आक्षेपाला थेट उत्तर देतो. सर्वांना समुपदेशन सारखेच होते. निम्म्यांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन मिळाले, तर उरलेल्यांना काही दिवसांनंतर केवळ औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. वर्षअखेरीस औषध घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के उपचारात टिकून होते, दुसऱ्या गटातील एकही नव्हता आणि त्या गटातील चौघांचा मृत्यू झाला होता. म्हणूनच केंद्रातील एक समुपदेशक आईला दर भेटीत ‘गोळी कधी बंद करणार?’ असे विचारतात, ते मला धोक्याचे वाटते. औषध अवेळी सुटून रुग्ण पुन्हा गर्दकडे वळला, तर पूर्वीची सवयीची मात्रा त्याच्या शरीराला पेलत नाही आणि तीच जीवघेणी ठरू शकते.

खरी उणीव वेळेची आहे. औषध वाटप फक्त सकाळी, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत होते. भाऊ दादरच्या फूलबाजारात हमालीला लागला आहे. तिथली मोठी उलाढाल पहाटेपासून सकाळपर्यंतच असते, त्यामुळे कामावर राहिला तर गोळी चुकते आणि गोळीसाठी निघाला तर मजुरी बुडते. ज्या उपचारामुळे माणूस कामाला लागतो, त्याच उपचाराने त्याचे काम काढून घ्यावे, हे आम्हाला अजिबात पटत नाही. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हे औषध साध्या फॅमिली डॉक्टरांनाही लिहून देऊ दिले आणि १९९५ ते १९९९ या काळात तेथील ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. औषध सहज हाती येणे हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यावरून दिसते. आपल्याकडेही २०२० च्या टाळेबंदीत स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्यात आल्या होत्या. या केंद्राने किमान संध्याकाळी एक तास तरी खिडकी उघडी ठेवावी, अशी लेखी विनंती आम्ही दिली आहे; उत्तर आलेले नाही.

तरीही ज्यांच्या घरात सुई पोहोचली आहे त्यांनी या सेवेकडे जावे, असे मी ठामपणे सांगेन. पहिल्या दिवशी घरचे एक माणूस सोबत ठेवा, आदल्या रात्रीपासून रुग्णाने नेमके काय आणि केव्हा घेतले ते डॉक्टरांना काहीही न लपवता सांगा, आणि जवळचे केंद्र ठाऊक नसल्यास १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा.