फळमाशी ओळखायची कशी: फोटोवरून की भिंगाखाली?

सापळ्यातल्या माश्यांचे फोटो काढू की माश्याच जपून ठेवू, असं एका आंबा बागायतदाराने विचारलं. मिथाईल युजेनॉल या नर माश्यांना ओढणाऱ्या रसायनाच्या सापळ्यात बॅक्ट्रोसेरा या फळमाशीच्या डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा अशा तिन्ही जातींचे नर येतात, म्हणून हा घोळ.

खर्चात फोटोच सरस. मोबाईल खिशात असतोच. झोनाटा तर वरून काढलेल्या फोटोतही कळते: पाठ तांबूस, पंखाच्या टोकाशी सुटा ठिपका. डॉर्सालिसची पाठ बहुधा काळी, पंखाच्या पुढच्या कडेने अरुंद, सलग पट्टा.

अडतं ते करेक्टापाशी. पाठ डॉर्सालिससारखी काळी, पंखाचा ठिपका झोनाटासारखा. निकाल चेहऱ्यावर लागतो: बाकी दोघींना दोन गोलसर ठिपके, हिला आडव्या काळ्या खुणा, जवळजवळ एकमेकींना भिडलेल्या. नुसत्या पाठीच्या फोटोवर इथे भरवसा नको, माशी ओळखणाऱ्या ॲपची जाहिरात काहीही म्हणो.

दहापट भिंग आणि अल्कोहोलची कुपी याला थोडे पैसे नि चिकाटी लागते. पण माशी उलटसुलट करून बघता येते. अल्कोहोलमध्ये रंग मात्र फिकटतात.

प्रादुर्भाव वाढतोय का एवढंच बघायचं असेल, तर फोटो पुरे. जात पक्की हवी असेल किंवा कृषी विद्यापीठाकडे पाठवायची असेल, तर माशीच ठेवा.