दहा मिनिटांचे लॉगआउट आणि सहा महिन्यांचा नेतृत्व अभ्यासक्रम

परवा रात्रपाळीत सातव्या मॉड्यूलचा व्हिडिओ चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू झाला, तेव्हा हा अनुभव लिहून काढायचे ठरवले. नवोदित मिडवाइफ (बाळंतपणासाठी खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स) आणि लेबर रूममधल्या तरुण नर्ससाठीच्या या ऑनलाइन नेतृत्व अभ्यासक्रमात काय काय शिकवतात ते माहितीपत्रकात आहेच. मी एका ग्रामीण रुग्णालयात जीएनएम, म्हणजे पदविका घेतलेली नर्स, आहे, नोकरीचे तिसरे वर्ष आहे आणि 2,400 रुपये फी स्वतःच्या पगारातून भरली आहे, एवढे सांगितले की पुढचा सूर समजून घेता येईल.

तक्रार खरे तर एकच आहे. स्क्रीनला दहा मिनिटे बोट लागले नाही की अ‍ॅप आपोआप बाहेर काढते, आणि चाळीस मिनिटांचा व्हिडिओ अर्धवट राहिला की तो पाहिलाच नाही असे धरले जाते. एखादीच्या कळा वाढल्या म्हणून फोन ठेवून उठलेली सिस्टर तासाभराने परत येते, ती थेट शून्यावर. व्हिडिओ डाउनलोड करता येत नाही, त्यामुळे रोजच्या दीड जीबीतून तोच डेटा पुन्हा पुन्हा खर्ची पडतो. हेल्पडेस्क सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालू असतो, म्हणजे रात्रपाळी संपवून मी झोपलेली असते नेमकी तेव्हा. थेट सत्र साडेसात ते साडेआठ. आठ वाजता ड्युटी बदलते, रुग्णांची माहिती सोपवणारी आणि घेणारी दोघीही त्याच वेळी अडकलेल्या असतात, हे आखणी करणाऱ्या एकाच्याही लक्षात आले नसावे याचे नवल वाटते. (अशा पहिल्याच सत्राचा विषय वेळेचे नियोजन हा होता.)

तिसऱ्या महिन्यात माझे मत ‘पैसे वाया’ असेच होते. केंद्र सरकारच्या मिडवाइफरी सेवांबद्दलच्या 2018च्या मार्गदर्शक तत्त्वांत 18 महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण आणि मिडवाइफच्या नेतृत्वाखालचे प्रसूती कक्ष सांगितले आहेत, आणि अभ्यासक्रमातली बहुतेक उदाहरणे अशाच कक्षांतली आहेत. आमच्याकडे नेतृत्व म्हणजे इन्चार्ज सिस्टर रजेवर असताना कपाटाच्या किल्ल्या सांभाळणे.

ते मत पाचव्या महिन्यात बदलावे लागले. डॉक्टरांना फोनवर रुग्णाची माहिती चार टप्प्यांत कशी द्यावी, म्हणजे आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, आपले मूल्यमापन आणि शेवटी आपली शिफारस, याचा ‘एसबार’ नावाचा सराव आमच्याकडून जोडीजोडीने करून घेतला होता. मला तो पोरखेळ वाटला होता. मग एका रात्री दुसऱ्या खेपेच्या एका बाळंतिणीला वार पडल्यानंतर रक्तस्राव थांबेना. गर्भाशय आकुंचित करणाऱ्या ऑक्सिटोसिनची 10 युनिट्स प्रसूती होताच दिली होती आणि गर्भाशयाचा मसाज चालू होता. एरवी मी ‘सर, जरा ब्लीडिंग जास्त वाटतंय’ असे चाचरत म्हटले असते आणि ‘बघत राहा, कळवा’ असे उत्तर ऐकले असते. या वेळी मी म्हणाले, “सर, प्रसूतीला वीस मिनिटे झाली, वार पूर्ण पडली आहे, रक्तस्राव अंदाजे 600 मिली, नाडी 118, गर्भाशय मऊ आहे. ऑक्सिटोसिनचे ड्रिप लावत आहे. तुम्ही आत्ता यावे आणि 108 रुग्णवाहिका तयार ठेवावी असे मला वाटते.” सर पाच मिनिटांत क्वार्टरमधून आले. रक्तस्राव आटोक्यात आला आणि 108 लागली नाही.

पहिले तीन टप्पे आम्हांला अवघड नसतात. आकडे आम्ही रोजच लिहितो. अडते ते चौथ्यावर. वरिष्ठाला ‘मला असे वाटते’ म्हणण्याची सवय नर्सिंगच्या शिक्षणात कोणी लावत नाही. या अभ्यासक्रमाने ती लावली, तेही एका तासाच्या सरावात. उरलेल्या मॉड्यूलमधली नेतृत्वशैलींची वर्गवारी मी केव्हाच विसरले.

प्रमाणपत्र अजून आलेले नाही, कारण सातवे मॉड्यूल त्यांच्या नोंदीत ‘अपूर्ण’ आहे. दोन ईमेल पाठवले. दोन्हींना ‘कृपया व्हिडिओ पुन्हा पाहा’ असे एकच उत्तर आले. येत्या साप्ताहिक सुट्टीला बहिणीकडच्या वायफायवर, दर नऊ मिनिटांनी स्क्रीनला बोट लावत, पाचवा प्रयत्न करणार आहे. वॉर्डातल्या दोघींनी प्रवेश घ्यावा का म्हणून विचारले, तेव्हा व्हिडिओ डाउनलोड होऊ लागेपर्यंत थांबा असे सांगितले, आणि एसबारचा सराव मीच दुपारपाळीत फुकट करून घेते आहे.