जुन्या अत्तराच्या कुप्यांचं दुकान: माल बरा, पक्कड वाईट

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. त्यामुळे काचेची बाटली हातात आली की माझं लक्ष आधी बुचाकडे जातं. घासलेल्या काचेचं बूच त्याच्या स्वतःच्याच बाटलीत नीट बसतं. अदलाबदल झाली की एक तर डुगडुगतं, नाहीतर असं रुततं की विचारू नका. म्हणून आम्ही बाटली आणि बूच दोन्हींवर एकच नंबर टाकायचो. फ्रान्सच्या बाकारा या काचेच्या कारखान्यातही अत्तराच्या कुप्यांवर हीच पद्धत, हे बऱ्याच उशिरा वाचलं आणि उगाच कॉलर ताठ झाली.

तर हे दुकान. नाव-गल्ली लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. मंगळवार बाजारात भाजी घेऊन परतताना दिसलं. बाहेर पितळी समया आणि बंद गिरण्यांतल्या लाकडी बॉबिनचा ढीग, आत एका ड्रॉवरमध्ये विसेक कुप्या. रेल्वे लाइन्समधल्या कुठल्याशा बंगल्यातून आल्या म्हणे.

मालकाने पहिली काढली ती दोन दुधी फुलं शेजारी-शेजारी, मधे काळे ठिपके. "शंभर वर्षं जुनी लालीक हाय मावशी, नऊ हजार."

मी उलटी केली. तळाला कोरलेलं, 'लालीक फ्रान्स'. लालीक म्हणजे फ्रेंच काचकलाकार रने लालीक, ते वारले १९४५ मध्ये. ते असेपर्यंतच्या सहीत लालीकच्या आधी 'आर' असायचा, नंतर तो गेला. म्हणजे ही कुपी त्यांच्या पश्चातली. काच सुंदरच आहे, पण शंभर वर्षं नाही. हे सगळं त्याला सांगितलं, तर म्हणतो, "मग आठ द्या की!"

गेर्लां या फ्रेंच अत्तर कंपनीच्या 'शालिमार'चीही एक होती. १९२५ चं अत्तर, नाव मोगलांच्या बागेवरून, मूळ कुपी बाकाराने बनवलेली. तिचं निळं पंख्यासारखं बूच गायब, त्या जागी कफ सिरपचं टोपण! ही हजाराला. ठेवली तिथंच.

'इव्हनिंग इन पॅरिस'ची गडद निळी बाटली मात्र लगेच उचलली, साडेतीनशेला. बुर्जुआ कंपनीने १९२८ मध्ये काढलेलं अत्तर. फ्रेंच नाव 'स्वार द पारी', पण आपल्याकडे सगळे इंग्रजीच नाव घ्यायचे. माझ्या आत्याच्या कपाटात अशीच होती. रिकामी झाल्यावरही कुणाला हात लावू द्यायची नाही. संग्राहकाच्या दृष्टीने फार मोलाची नाही, पण डाग-चरा नाही आणि चंदेरी लेबलही जागेवर.

आता तक्रार. एक साधी चौकोनी, जड कुपी होती. तळाला बारीक ५७ कोरलेलं, बूच घट्ट अडकलेलं. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत पठ्ठ्याने फडकं गुंडाळून पक्कड लावली. टक्! मानेजवळ तांदळाच्या दाण्याएवढा टवका. वर म्हणतो, "आधीचाच हाय." डोळ्यांदेखत! घासाघीस करून सहाशेला आणली.

घरी बुचाच्या कडेने कोमट तीळतेल सोडलं. लॅबमध्ये ग्लिसरीन वापरायचो, पण मे महिन्यात चार वाजता त्यासाठी बाहेर कोण जाणार? रात्रभर ठेवली. सकाळी मान गरम पाण्याच्या फडक्यात धरून लाटण्याच्या टोकाने बुचाला दोन्ही बाजूंनी अलगद टिचक्या मारल्या. तिसऱ्या फेरीला फिरलं.

दुकानाला पाचपैकी तीन. भाव पाडून मिळतो, सांगितलेल्या वयावर जाऊ नका, आणि अडकलेलं बूच दुकानात उघडू देऊ नका.

बाकाराचा शिक्का त्या कुपीवर नाही. १९३६ च्या आधी ते पुष्कळदा नुसतं कागदी लेबल लावायचे, त्यामुळे हो-नाही काहीच म्हणत नाही. पण तेल पुसून बुचाचा दांडा खिडकीपाशी धरला, तर त्यावरही ५७.